उंचीचे पाठभेद

१

नकाशावर नदी दिसते, रस्ता दिसतो, गावाची वस्तीही दिसते. उंची मात्र दिसत नाही. ती सांगावी लागते. टेकडीच्या माथ्याशेजारी छापलेला बारीक आकडा म्हणजे कोणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी शून्यापासून मोजून केलेले विधान असते. विधान म्हटले की ते कोणाचे, कोणत्या काळातले आणि कोणत्या हेतूने केलेले, हे प्रश्न ओघानेच येतात. साहित्याच्या अभ्यासकांना हे प्रश्न रोजचे आहेत. जुनी पोथी हाती आली की आपण तिचा लेखनकाल पाहतो, लेखनिकाच्या सवयी ओळखतो, दुसऱ्या पोथीशी ती ताडून पाहतो आणि मगच पाठाविषयी काही बोलतो. नकाशाच्या बाबतीत मात्र हा संशय आपण बाजूला ठेवतो. त्यातही नकाशा उपग्रहाच्या साहाय्याने केलेला असेल, तर तो खरा असणारच अशी आपली समजूत असते.

गेल्या पाव शतकात पृथ्वीच्या बहुतेक भूभागाचे असे उंचीचे नकाशे कोणालाही विनामूल्य मिळू लागले आहेत. पूर कुठवर येईल, दरड कुठे कोसळू शकेल, समुद्र वाढला तर किती गावे पाण्याखाली जातील, याचे प्राथमिक अंदाज पुष्कळदा याच नकाशांवरून बांधले जातात. त्यामुळे हे आकडे जमिनीवरच्या मोजमापाशी कितपत जुळतात, हा प्रश्न आता केवळ तंत्रज्ञांपुरता राहिलेला नाही. रत्नागिरी जिल्हा हा या प्रश्नाचा विचार करण्यासाठी फार योग्य प्रदेश आहे. उत्तर-दक्षिण सुमारे १८० किलोमीटर लांब आणि पूर्व-पश्चिम सरासरी ६४ किलोमीटर रुंद अशा या पट्ट्यात समुद्र, खाड्या, कातळाचे सडे, खोल दऱ्या आणि सह्याद्रीची भिंत इतक्या जवळजवळ आहेत की उंचीतली लहानशी चूकही इथे लपून राहत नाही.

उपग्रहाचा नकाशा आणि जमिनीवरचे मोजमाप यांची तुलना म्हणजे खोट्याची खऱ्याशी तुलना, असे सामान्यतः मानले जाते. इतिहास पाहिला तर वेगळेच दिसते. हे दोन पाठ आहेत. दोघांचे शून्य वेगळे, काळ वेगळा, हेतू वेगळा. कोणता पाठ कुठे आणि किती विश्वासार्ह, हे ठरवण्याचे काम चिकित्सेचे आहे. आणि कोकणात ही चिकित्सा करण्याचा अधिकार दीर्घकाळ सर्वसामान्य अभ्यासकाकडे नव्हता.

२

जमिनीवरच्या साक्षीपासून सुरुवात करू. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि कोकण कंपनी सरकारच्या ताब्यात आले. पुढच्या दशकात मुंबई इंजिनिअर्सचा अधिकारी थॉमस बेस्ट जर्व्हिस याने दक्षिण कोकणचे सर्वेक्षण केले. डोंगरमाथ्यांवर खुणा उभारायच्या, थिओडोलाइटने कोन मोजायचे, त्रिकोणाला त्रिकोण जोडत प्रदेश कागदावर उतरवायचा, अशी ती पद्धत होती. जर्व्हिसचा कोकणविषयीचा भौगोलिक व सांख्यिकीय वृत्तांत १८४० साली प्रसिद्ध झाला. वजनमापांना निसर्गातच एखादे शाश्वत प्रमाण सापडावे, या विचाराने तो झपाटलेला होता आणि त्यावर त्याने ग्रंथही लिहिले. त्याचा भाऊ जॉर्ज जर्व्हिस हा मुंबईत गणिताची पाठ्यपुस्तके मराठीत आणण्याच्या उद्योगात होता, हेही मराठीच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. प्रदेश मोजणे आणि मोजण्याची भाषा मराठीत घडवणे ही दोन कामे एकाच घरातल्या दोन भावांनी अंगावर घेतली होती.

याच जर्व्हिसला १८३७ साली कंपनीच्या संचालकांनी जॉर्ज एव्हरेस्टचा संभाव्य उत्तराधिकारी म्हणून निवडले. एव्हरेस्ट तेव्हा भारताचा सर्व्हेअर जनरल होता आणि विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ सुरू केलेले महात्रिकोणमितीय सर्वेक्षण पुढे नेत होता. ही निवड, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने जर्व्हिसची धरलेली बाजू, एव्हरेस्टला मुळीच रुचली नाही. सोसायटीचे माजी अध्यक्ष ड्यूक ऑफ ससेक्स यांना उद्देशून त्याने १८३९ साली पत्रांची एक जळजळीत मालिका छापली. १८४३ साली एव्हरेस्ट निवृत्त झाला तेव्हा त्याची जागा अँड्र्यू वॉ याला मिळाली. जर्व्हिसने त्याआधीच नोकरी सोडली होती. या वादात व्यक्तिगत राग पुष्कळ होता. पण त्याच्या मुळाशी एक खरा प्रश्नही होता : अचूकता ठरवायची कोणी? लंडनच्या विद्वत्सभेने, की डोंगरावर उभे राहून कोन मोजणाऱ्याने? उपग्रहाच्या काळात हा प्रश्न नव्या रूपात परत येतो.

या इतिहासात नावे येतात ती अधिकाऱ्यांची. खुणेचे खांब माथ्यावर चढवणारे, झाडे तोडून दृष्टिरेषा मोकळी करणारे, साखळ्या वाहणारे खलाशी यांची नावे क्वचितच उरतात. जमिनीवरचे मोजमाप म्हणजे अनेकांच्या पायांनी लिहिलेला पाठ आहे. स्वाक्षरी तेवढी एकाची.

३

कोन मोजून डोंगराची उंची निघते, पण ती कशापासून? याचे रूढ उत्तर 'समुद्रसपाटीपासून' असे आहे. ते वाटते तितके सरळ नाही. समुद्र कधीच सपाट नसतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीत आणि ओहोटीत पाण्याच्या पातळीत दोन मीटरांच्या आसपास फरक पडतो. भांगाच्या दिवसांत तो कमी असतो. म्हणून बंदरांत भरतीमापक बसवून वर्षानुवर्षे नोंदी घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढून तिला शून्य म्हणायचे, अशी रीत पडली. मुंबईच्या अपोलो बंदरातल्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाने १८५८ पासून देशभर तलमापनाच्या रेषा नेल्या आणि १९०९ पर्यंत त्यांचे जाळे पूर्ण केले. त्याचे शून्य कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि फॉल्स पॉइंट या नऊ बंदरांवर टेकवले होते. रत्नागिरी त्यात नाही. मुंबई आणि कारवार यांच्यामध्ये पसरलेल्या या किनाऱ्याची अधिकृत उंची दोन दूरच्या बंदरांच्या साक्षीने ठरली.

तलमापनाची अचूकता थक्क करणारी होती. नागपूरच्या शून्य मैलाच्या दगडाजवळ १९०७ सालचा जो प्रमाणस्तंभ आहे त्याची उंची १०२०.१७१ फूट अशी नोंदलेली आहे. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, टप्प्याटप्प्याने दोन पट्ट्यांमधला फरक वाचत आणलेला हा आकडा आहे. त्याच्यामागची चिकाटी खरी आहे. मात्र तीन दशांश स्थळे पाहून त्या आकड्याला निरपेक्ष सत्य मानण्याचे कारण नाही. ती नऊ बंदरांच्या सरासरीवर उभी असलेली अचूकता आहे.

याहून मूलभूत अडचण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच उघड झाली होती. कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठिकाणांमधले अक्षांशांचे अंतर त्रिकोणांनी मोजले तेव्हा एक आले आणि ताऱ्यांच्या वेधांनी मोजले तेव्हा दुसरे. फरक होता ५.२३६ विकलांचा. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी दाखवले की हिमालयाचे वस्तुमान ओळंब्याला स्वतःकडे खेचते. त्यांच्या गणिताने हा परिणाम १५ विकलांहून अधिक यायला हवा होता, प्रत्यक्षात तो फार कमी निघाला. त्या कोड्यातून पर्वतांच्या मुळांविषयीचे नवे भूशास्त्र जन्माला आले. आपल्या विषयापुरता त्यातला अर्थ असा की ज्या ओळंब्यावर सर्वेक्षक विसंबून असतो, तो ओळंबाही प्रदेशानुसार झुकतो. जमिनीची साक्षसुद्धा जमिनीच्या पोटातल्या गोष्टींनी रंगलेली असते.

यामुळेच 'समुद्रसपाटी' हा पृष्ठभाग गुळगुळीत नाही. त्याला शास्त्रज्ञ जिऑइड म्हणतात. पृथ्वीच्या आदर्श गणिती आकाराशी तुलना केली तर श्रीलंकेच्या दक्षिणेस तो सुमारे १०६ मीटर खाली गेलेला आहे आणि आपला कोकण किनाराही याच खोलगटाच्या कडेवर येतो. उपग्रहांवरून स्थान सांगणारी यंत्रणा उंची मोजते ती त्या गणिती आकारापासून. त्यामुळे रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर तिचा रूपांतर न केलेला आकडा पाहिला, तर आपण शून्याच्या साठाहून अधिक मीटर खाली उभे आहोत असे दिसेल. पाय तर वाळूवर कोरडे असतात! यात कोणाचीही चूक नाही. दोन वेगवेगळ्या शून्यांची ही भाषा आहे. दीपगृहाचे उदाहरणही असेच आहे. जमिनीच्या नकाशात त्याची उंची सरासरी समुद्रपातळीपासून धरतात, नाविकांच्या तक्त्यात भरतीच्या पातळीपासून आणि उपग्रहाच्या कच्च्या नोंदीत गणिती आकारापासून. एकाच दीपगृहाला तीन उंच्या, आणि तिन्ही बरोबर.

४

सर्वेक्षण विभागाचे नकाशे राज्यकर्त्यांसाठी आणि सैन्यासाठी होते. सामान्य शेतकऱ्याच्या आयुष्यात शिरला तो महसुली मोजणीचा नकाशा. त्यात क्षेत्र आहे, हद्द आहे, सर्व्हे नंबर आहे; उंची नाही. सारा क्षेत्रावर बसतो, उंचीवर बसत नाही, हे त्याचे साधे कारण. ज्या प्रदेशात एका गावाच्या खालच्या आणि वरच्या वाडीत शंभर मीटरांची पाखाडी असू शकते, त्या प्रदेशाचा गावनकाशा सपाट आहे.

पण नकाशाने गाळलेली उंची भाषेने जपली. कोकणात जमिनीची जी नावे आहेत ती उंचीचीच नावे आहेत. भरतीच्या पाण्याच्या पातळीतले ते खाजण. बांध घालून समुद्रापासून सोडवलेली ती खारजमीन. पाणी धरून ठेवणारे ते भाताचे मळे. उतारावरची, नाचणी-वरीला दिलेली ती वरकस. त्याच्या वर कातळाचा सडा. 'वरकस' हा शब्द महसुली दप्तरात प्रतवारी म्हणून येतो, पण त्यात किती वर, किती उताराची, किती पाणी धरणारी याचा अंदाजही मुरलेला आहे. मीटरची भाषा या शब्दांना माहीत नाही. तरीही उधाणाचे पाणी कोणत्या बांधाला लागते आणि कोणत्या बांधावरून जाते, याचे खारबांध राखणाऱ्यांना असलेले ज्ञान बोटांनी मोजण्याइतके बारीक असते. जमिनीवरची साक्ष म्हणताना आपण फक्त सरकारी तलचिन्हे धरतो. ही दुसरी साक्षही त्यात धरायला हवी.

५

आता दुसरा पाठ. ११ फेब्रुवारी २००० रोजी 'एंडेव्हर' हे अंतराळयान सहा अंतराळवीरांना घेऊन निघाले. यानाच्या पोटात रडारची एक अँटेना होती आणि ६० मीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला दुसरी. जमिनीवरून परतलेल्या लहरी दोन्ही ठिकाणी किंचित वेगळ्या वेळी पोहोचतात. त्या फरकावरून उंची काढता येते. दोन डोळ्यांनी आपल्याला अंतर कळते त्यासारखाच हा प्रकार. सुमारे अकरा दिवसांत पृथ्वीचा ८० टक्के भूभाग मोजून झाला. ही शटल रडार मोहीम. तिचे साधारण ९० मीटरांच्या चौकटींचे नकाशे प्रथम मिळाले आणि ३० मीटरांचे आपल्या भागासाठी २०१४-१५च्या सुमारास खुले झाले. जपान आणि अमेरिका यांनी छायाचित्रांच्या जोड्यांवरून केलेला 'अ‍ॅस्टर'चा जागतिक नकाशा २००९ साली आला. भारताचा कार्टोसॅट-१ हा उपग्रह ५ मे २००५ रोजी उडाला. एक कॅमेरा पुढे आणि एक मागे कललेला ठेवून त्याने घेतलेल्या चित्रांवरून कार्टोडेम हा उंचीनकाशा तयार झाला.

या पाठांचेही लेखनकाल आणि लेखनिकाच्या सवयी आहेत. शटलचा नकाशा हा २००० सालच्या फेब्रुवारीतल्या कोकणाचा आहे. त्यानंतर निघालेल्या चिऱ्याच्या खाणी, महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी कापलेल्या टेकड्या, भर घातलेले सखल भाग त्यात नाहीत. आज जमिनीवर मोजलेला आकडा त्याच्याशी जुळला नाही, तर ती नकाशाची चूक असेलच असे नाही. मधल्या काळात जमीनच बदललेली असू शकते. छायाचित्रांवर आधारलेल्या नकाशांची वेगळी तऱ्हा. ढगांतून त्यांना दिसत नाही, म्हणून जून ते सप्टेंबरचे कोकण त्यांच्यासाठी जवळजवळ नसतेच.

दुसरी सवय अधिक महत्त्वाची. शटलच्या मुख्य रडारची लहर सुमारे साडेपाच सेंटिमीटरची. ती गर्द पालवीतून जमिनीपर्यंत पुरती पोहोचत नाही. झाडोऱ्याच्या मध्येच कुठेतरी अडून परतते. म्हणजे दाट आमराईच्या जागी नकाशाने दिलेली उंची ना जमिनीची असते ना शेंड्याची. तिसरी सवय दऱ्यांची. उभ्या कड्यामागे रडारची सावली पडते आणि तिथे नोंदच मिळत नाही. मूळ नकाशात अशा जागा रिकाम्या होत्या. पुढच्या आवृत्त्यांत त्या इतर स्रोतांवरून किंवा आजूबाजूच्या आकड्यांवरून भरल्या गेल्या. पोथीच्या भाषेत बोलायचे तर हे प्रक्षिप्त श्लोक आहेत. अंतिम प्रतीत ते मूळ संहितेसारखेच दिसतात.

६

मग या पाठाची जमिनीशी तपासणी कशी होते? शटलच्या नकाशाची जागतिक तपासणी ज्या मोठ्या प्रयत्नाने झाली, त्यात स्थाननिश्चितीची उपकरणे बसवलेली वाहने खंडोखंडीच्या रस्त्यांवरून हजारो किलोमीटर चालवली गेली. मोहिमेचे उद्दिष्ट चूक १६ मीटरांच्या आत राखण्याचे होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार युरोप-आशियासाठी ती ६.२ मीटर निघाली. म्हणजे शंभरातल्या नव्वद ठिकाणी चूक यापेक्षा कमी. हे यश मोठेच आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. उरलेल्या दहा ठिकाणी चूक किती, हे तो आकडा सांगत नाही. आणि रस्ता सहसा मोकळ्या, सौम्य उताराच्या जमिनीवरून जातो. रस्त्यावर घेतलेली साक्ष दरीतल्या रानाबद्दल फारसे काही सांगू शकत नाही.

चुकीची सरासरी हीसुद्धा फसवी गोष्ट आहे. समजा, वीस ठिकाणी आकडे ताडून पाहिले. दहा ठिकाणी नकाशा ५ मीटर जास्त सांगतो, दहा ठिकाणी ५ मीटर कमी. सरासरी चूक शून्य येईल, आणि तरी एकही आकडा बरोबर नसेल. म्हणून तज्ज्ञ चुकांचे वर्ग करून, त्यांची सरासरी काढून, तिचे वर्गमूळ घेतात. इथे ते ५ मीटर येईल. उलट वीसही ठिकाणी नकाशा ५ मीटर जास्तच सांगत असेल, तरीही वर्गमूळ ५च येईल, पण रोग अगदी वेगळा आहे. एकाच दिशेची चूक दुरुस्त करता येते. विखुरलेली चूक येत नाही. लेखनिक प्रत्येक वेळी एकाच अक्षराला दुसरे अक्षर समजत असेल, तर पोथी सुधारता येते. तो मनाला येईल तसा चुकत असेल, तर उपाय नाही.

रत्नागिरीत ही चिकित्सा जागेवरच पाहता येते. सडा हा इथला सर्वांत विश्वासू साक्षीदार : उघडा, सपाट, झाडाविना. कातळशिल्पांमुळे अलीकडे हे सडे जगाला ठाऊक झाले. उंची ताडून पाहायला अशी जागा उत्तम, कारण इथे दोन्ही पाठ एकाच पृष्ठभागाविषयी बोलत असतात. त्याच सड्यावर सुरुंगाने खड्डे घेऊन कलमे लावली की काही वर्षांनी नकाशाचा पृष्ठभाग वर उचलला जातो. सड्याच्या कडेला तर अडचण आणखी वाढते. ३० अंशांच्या उतारावर नकाशा आडवा २० मीटर सरकला, तर उंचीत सुमारे साडेअकरा मीटरांचा फरक पडतो. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्टच्या नावाच्या गणिती आकारावर बेतलेले होते, उपग्रहांचे नकाशे दुसऱ्या आकारावर आहेत. रूपांतर न करता एकावर एक ठेवले तर कोकणात स्थान शंभर मीटरांच्या घरात सरकू शकते. अशा वेळी उंचीची म्हणून जी चूक दिसते ती खरे तर जागेची असते. आणि रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवलनदी पूल घ्या. तळापासून ६४ मीटर उंच, पण माथा जेमतेम रुळांपुरता रुंद. ९० मीटरांच्या चौकटीत दरी आणि पूल यांची सरमिसळ होते. ती चौकट पुलाबद्दलही नीट सांगत नाही आणि दरीबद्दलही.

जमिनीवरचा नकाशाही सर्वत्र तितकाच काटेकोर नव्हता. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या सर्वेक्षण नकाशात समोच्च रेषा सहसा २० मीटरांच्या अंतराने असतात. दोन रेषांमधली उंची म्हणजे अंदाज. तलचिन्हाजवळ जमिनीची साक्ष मिलिमीटरांत बोलते, पण त्याच नकाशाच्या एखाद्या आडरानात उपग्रहाचा आकडा तिच्यापेक्षा सरस असू शकतो.

७

ही सगळी चिकित्सा दोन्ही पाठ समोर असतील तेव्हाच शक्य. कोकणात ते नव्हते. सीमेपासून आणि किनाऱ्यापासून ८० किलोमीटरांच्या पट्ट्याचे तपशीलवार नकाशे संरक्षणाच्या कारणासाठी कित्येक दशके निर्बंधित होते. सरासरी ६४ किलोमीटर रुंदीचा रत्नागिरी जिल्हा त्यात जवळपास पुरताच बसतो. म्हणजे २००३-०४च्या सुमारास रत्नागिरीतल्या एखाद्या महाविद्यालयाच्या अध्यापकाला आपल्या तालुक्याचा अंतराळातून केलेला उंचीनकाशा सहज मिळू शकत होता, पण देशाच्या सर्वेक्षण विभागाने शतकभर खपून केलेला नकाशा सहज मिळत नव्हता. परका पाठ खुला, घरचा पाठ कुलपात. मग तुलना कोण करणार? २००५ सालच्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन नकाशामाला केल्या. फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनी निर्बंध बरेच सैल केले; त्यांत आडव्या अंतरासाठी १ मीटर आणि उंचीसाठी ३ मीटर ही सीमा ठरवून, त्याहून सूक्ष्म माहिती भारतीय संस्थांपुरती राखली गेली. डिसेंबर २०२२च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने देशाच्या सूक्ष्म उंचीनकाशाचे उद्दिष्ट समोर ठेवले. अचूकतेचा प्रश्न विज्ञानाचा तसा सत्तेचाही असतो, हे एव्हरेस्ट-जर्व्हिस वादापासून इथवर पुन्हापुन्हा दिसते.

८

यात अडते कुणाचे? पहिले, किनाऱ्यावरच्या माणसाचे. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये कल्प आणि स्ट्रॉस या दोन संशोधकांनी दाखवले की शटलचा नकाशा झाडे व इमारतींमुळे किनाऱ्यावरची जमीन आहे त्यापेक्षा उंच दाखवतो. ती चूक दुरुस्त केली की समुद्र वाढल्यास धोक्यात येणाऱ्या लोकांचा जागतिक अंदाज तिपटीच्या आसपास जातो. मुंबईचे निम्मे पाण्याखाली गेलेले नकाशे त्या दिवसांत सर्वत्र फिरले. समुद्र एका रात्रीत वाढला नव्हता; संपादकाने पाठ दुरुस्त केला होता. अर्थात दुरुस्त पाठही गणिताने काढलेला अंदाजच होता. त्यातही हे नकाशे बांधांचा हिशेब धरत नाहीत. रत्नागिरीच्या खाड्यांकाठी दोन मीटरांचा बांध शेताचे भवितव्य ठरवतो आणि सहा मीटरांची चूक पोटात असलेल्या नकाशात तो बांध अस्तित्वातच नसतो.

दुसरे उदाहरण साहित्यिकांच्या अधिक जवळचे आहे. वाशिष्ठीच्या काठी वसलेल्या चिपळुणात १८६४ साली स्थापन झालेले ग्रंथालय आज लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर म्हणून ओळखले जाते. २०१३ सालचे ८६वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात झाले. २६ जुलै २००५च्या आणि २२ जुलै २०२१च्या अशा दोन्ही महापुरांत या वाचनालयाचे मोठे नुकसान झाले. पुरानंतर निळ्या आणि लाल रेषांची चर्चा होते. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा म्हणजे उंचीविषयीची विधानेच. घर कुठे बांधता येईल, दुकानाची दुरुस्ती करता येईल की नाही, ग्रंथ कोणत्या मजल्यावर ठेवावेत, हे त्यांवर ठरते. तळमजला आणि वरचा मजला यांत अंतर तीन मीटरांचे. खुल्या उपग्रह-नकाशांची मान्य चूक त्याहून मोठी असेल, तर अशा नकाशावरून काढलेली रेषा ग्रंथपालाला काहीच सांगू शकत नाही. ती सांगते असे भासते, हीच त्यातली धोक्याची गोष्ट. याउलट भिंतीवर राहिलेली गाळाची रेघ ही पुराने स्वतः लिहिलेली नोंद आहे; ती तलचिन्हाशी जोडून मोजली तर सेंटिमीटरांत बोलते. रंगकामात ती पुसली गेली, की एक अस्सल पुरावा कायमचा जातो.

९

साधने पुष्कळ सुधारली आहेत. जर्मन उपग्रहांच्या जोडीने २०१० ते २०१५ या काळात घेतलेल्या मोजमापांवरून झालेला कोपर्निकस उंचीनकाशा शटलच्या नकाशापेक्षा अधिक काटेकोर आहे. २०१८ साली गेलेल्या आइससॅट-२ उपग्रहाचे लेसर किरण पानांमधल्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचतात. २०२२ साली जंगले आणि इमारती वजा केलेले जागतिक नकाशेही आले. आता एका उपग्रहाची परीक्षा दुसरा उपग्रह घेतो. त्यामुळे जमिनीवर जाण्याची गरज संपली असे मात्र नाही, कारण त्या परीक्षकालाही कुठेतरी जमिनीवर टेकावेच लागते.

मालवणला जन्मलेल्या आणि रत्नागिरीत शिकलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या नावाच्या संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तिचे महत्त्व तिने 'खरे' महाभारत शोधले यात नाही. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक पानाच्या तळाशी पाठभेद दिले. कोणत्या पोथीत काय आहे, हे वाचकाला उघड करून दाखवले. वाचकाला संपादकाशी असहमत होण्याची सोय त्यांनी करून ठेवली. उंचीच्या नकाशाकडून एवढीच अपेक्षा आहे. शून्य कोणते, मोजमाप कोणत्या तारखेचे, पृष्ठभाग जमिनीचा की झाडोऱ्याचा, रिकाम्या जागा कशाने भरल्या, आणि तपासणी कोणत्या ठिकाणी, सड्यावर की दरीत, हे नकाशाच्या तळाशी स्पष्ट लिहिलेले असावे. ते नसेल तर तो नकाशा सरकारी पूररेषेसाठी वापरू नये.

आणि जमिनीवरच्या जुन्या खुणा जपाव्यात. देवळाच्या पायरीवर, पुलाच्या कठड्यावर, जुन्या कचेरीच्या जोत्यावर कोरलेली तलचिन्हे रस्तारुंदीकरणात दगडासकट निघून जातात. प्रत्येक तालुक्याने आपल्या हद्दीतल्या अशा खुणांची, आणि पुराच्या रेघांची, यादी करावी. हस्तलिखितांची यादी करणाऱ्यांना हे काम कसे करायचे ते ठाऊक आहे.